रोखपालाच्या लॉगिनमधून : विंडोज संगणकांवरील अधिकार-नियमांच्या चाचणीचा एक अनुभव

विंडोजवर चालणारा प्रत्येक प्रोग्राम कोणाच्या तरी नावाने चालतो, आणि ज्याच्या नावाने तो चालतो त्याला जेवढे अधिकार असतात तेवढेच त्या प्रोग्रामलाही मिळतात, ही या प्रणालीच्या रचनेतील मूळ कल्पना १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीपासून कायम आहे. वापरकर्त्याने लॉगिन केले की प्रणाली त्याच्यासाठी एक टोकन तयार करते. तो कोण आहे, कोणकोणत्या गटांचा सभासद आहे आणि त्याला कोणते विशेष अधिकार दिलेले आहेत याची नोंद या टोकनमध्ये असते, आणि त्याने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रामबरोबर त्या टोकनची प्रत जाते. दुसऱ्या बाजूला प्रत्येक फाइल, प्रत्येक फोल्डर आणि रजिस्ट्रीतील, म्हणजे प्रणालीच्या व प्रोग्रामांच्या मांडणीच्या मध्यवर्ती नोंदवहीतील, प्रत्येक नोंद यांना परवानग्यांची एक यादी जोडलेली असते. प्रोग्रामने फाइल मागितली की टोकन आणि यादी ताडून पाहिली जातात व होकार किंवा नकार मिळतो. अधिकार-नियम या मूळ व्यवहाराच्या वर रचलेले असतात. त्यांपैकी काही अमुक प्रोग्राम मुळात सुरू होऊ द्यायचा की नाही हे ठरवतात; २००९ साली विंडोज ७ बरोबर आलेले ॲपलॉकर हे त्याचे परिचित उदाहरण आहे. काही नियम मात्र उलट दिशेने काम करतात, म्हणजे ज्या वापरकर्त्याला स्वतःला वरचे अधिकार नाहीत त्याने सुरू केलेल्या एखाद्या ठरावीक प्रोग्रामलाच, आणि तेवढ्यापुरतेच, वरचे अधिकार देतात.

या नियमांमागचे तत्त्व जुने आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणाविषयी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात किमान अधिकाराचे तत्त्व मांडले, आणि त्याचा आशय असा की प्रत्येक प्रोग्रामने व प्रत्येक वापरकर्त्याने आपले काम पुरे करण्यास लागतील तेवढ्याच अधिकारांनिशी वावरावे. विंडोज वापरणाऱ्या कार्यालयांत मात्र दीर्घकाळ याच्या विरुद्ध रीत रूढ होती, आणि ती केवळ आळसातून आलेली नव्हती. २००१ सालच्या विंडोज एक्सपीवर सामान्य अधिकारांच्या वापरकर्त्याने नुसती आजची तारीख व वार पाहण्यासाठी कोपऱ्यातील घड्याळावर दोनदा क्लिक केले तरी त्याला नकार मिळत असे, कारण कॅलेंडर दाखवणारी खिडकी आणि घड्याळ बदलणारी खिडकी एकच होती आणि घड्याळ बदलणे हा ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार होता. अशा शेकडो लहान अडचणींवर एकच सोपा उपाय होता, तो म्हणजे सगळ्यांनाच ॲडमिनिस्ट्रेटर करून टाकणे, आणि बहुतेक ठिकाणी तोच केला गेला.

प्रस्तुत लेखामागचा अनुभव महाराष्ट्रातील एका नागरी सहकारी बँकेच्या शाखांमधील संगणकांवर असे नियम लागू करण्यापूर्वी झालेल्या चाचण्यांचा आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची जी पायाभूत चौकट घालून दिली तिच्यात कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार ठेवू नयेत आणि ज्याला जेवढे जाणण्याची व करण्याची गरज आहे तेवढाच प्रवेश द्यावा, अशी स्पष्ट अपेक्षा होती. अपेक्षा एका वाक्यात लिहिता येते. ती पाळायची तर शाखेत चालणारा प्रत्येक प्रोग्राम, बँकेच्या मुख्य प्रणालीपासून पासबुक छापणाऱ्या लहान उपयोजनापर्यंत, अधिकार काढून घेतल्यावर चालतो का, आणि चालत नसेल तर नेमका कशावर अडतो, हे शोधावे लागते.

या कामातील पहिली चूक चाचणी करणाऱ्याच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दडलेली होती. संगणक विभागातील माणूस ॲडमिनिस्ट्रेटर असतो, नियम तोच लिहितो आणि सवयीने त्याच लॉगिनमधून तो नियम तपासूनही पाहतो. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००६ च्या अखेरीपासून, ॲडमिनिस्ट्रेटर गटातील माणसाने लॉगिन केले की त्याच्यासाठी एकाऐवजी दोन टोकन तयार होतात, एक पूर्ण अधिकारांचे आणि एक कापलेले, आणि त्याचे रोजचे प्रोग्राम कापलेल्या टोकनवर चालतात. पूर्ण टोकन वापरण्यासाठी पडद्यावर विचारणा होऊन संमती द्यावी लागते. कापलेल्या टोकनमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर गटाचे नाव राहते, पण ते केवळ नकार देण्यापुरते धरले जाते. परिणाम असा की ॲपलॉकरमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटरांना सर्व काही चालवू द्यावे’ हा नियम असूनही त्याच ॲडमिनिस्ट्रेटरने नेहमीच्या पद्धतीने सुरू केलेला प्रोग्राम अडवला जातो. या बँकेतील चाचण्यांच्या पहिल्या आठवड्यातील नोंदींमध्ये ‘नियम बरोबर असूनही अडतो’ आणि ‘नियम नसूनही चालतो’ अशा परस्परविरोधी शेऱ्यांची सरमिसळ झाली होती ती यामुळेच, कारण संगणक विभागातून पाहिलेले चित्र रोखपालाचेही नव्हते आणि पूर्ण अधिकारांच्या ॲडमिनिस्ट्रेटरचेही नव्हते. त्या नोंदी बाजूला ठेवून रोखपाल, लिपिक आणि शाखाधिकारी यांच्या गटांशी तंतोतंत जुळणारी चाचणीची लॉगिने तयार करण्यात आली, आणि प्रत्येक चाचणीच्या आधी हूॲमआय या आज्ञेने त्या लॉगिनच्या टोकनमध्ये प्रत्यक्षात कोणते गट आहेत ते नोंदवण्याची शिस्त घातली गेली. चाचणी कोणाच्या नावाने झाली याची नोंद नसलेला निष्कर्ष टाकून देण्याच्या योग्यतेचा असतो, हे मत तेव्हा बनले आणि पुढील कामात त्याला बाधा आली नाही.

सर्वाधिक वेळ घेतला तो पिग्मीच्या प्रोग्रामने, आणि त्याची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे. पिग्मी म्हणजे दैनंदिन अल्पबचत ठेव; बँकेचा एजंट दुकानादुकानांतून फिरून रोजची रक्कम गोळा करतो, हातातील लहान यंत्रावर तिची पावती देतो आणि ते यंत्र शाखेत आणून संगणकाला जोडतो, मग त्यातील दिवसभराची वसुली प्रोग्रामद्वारे उतरवून घेतली जाते. हा प्रोग्राम जुना, ३२ बिटांचा होता आणि आपली माहिती तो स्वतः ज्या फोल्डरमध्ये बसवलेला असे तिथेच, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये लिहीत असे. प्रोग्राम फाइल्समध्ये सामान्य वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते, म्हणून अधिकार काढताच हा प्रोग्राम बंद पडेल अशी सर्वांची खात्री होती. तो बंद पडला नाही. सकाळी एका लिपिकाच्या लॉगिनमधून वसुली उतरली, आकडे जुळले, आणि चाचणीच्या तक्त्यात ‘चालते’ असा शेरा पडला. दुपारी दुसऱ्या लिपिकाने त्याच संगणकावर आपल्या लॉगिनने तोच प्रोग्राम उघडला तेव्हा त्याला सकाळची वसुली दिसेना. त्याच्यापुढे आदल्या आठवड्यातील आकडे होते.

याचे कारण विंडोजने जुन्या प्रोग्रामांसाठी व्हिस्टापासून केलेल्या एका सोयीत आहे. ज्या ३२ बिटांच्या प्रोग्रामने आपल्याला कोणत्या पातळीचे अधिकार हवेत हे जाहीर केलेले नसते, त्याने प्रोग्राम फाइल्ससारख्या संरक्षित ठिकाणी लिहिण्याचा प्रयत्न केला तर प्रणाली त्याला नकार देत नाही, तर ते लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या खाजगी भागातील व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरकडे वळवते, आणि पुढे तोच वापरकर्ता ती फाइल वाचू लागला की त्याला वळवलेली प्रतच दाखवते. प्रोग्रामला वाटते आपण मूळ जागी लिहिले; प्रत्यक्षात प्रत्येक लिपिकाची स्वतंत्र प्रत तयार झालेली असते, आणि संगणक विभागाने पूर्ण अधिकारांनिशी तोच प्रोग्राम उघडला तर हे वळण लागू होत नसल्यामुळे त्याला तिसरीच, मूळ फाइल दिसते. एका फाइलची तीन सत्ये एकाच यंत्रावर नांदत होती, आणि पडद्यावर त्रुटीचा एकही संदेश उमटलेला नव्हता. ज्या ठेवीदाराने टपरीवरच्या गल्ल्यातून दिवसाची बचत काढून एजंटाच्या हाती दिली त्याची नोंद कोणत्या लिपिकाने लॉगिन केले यावर अवलंबून राहावी, ही गोष्ट तांत्रिक किरकोळी मानता येत नाही. संमिश्र परिणामांच्या या कामात उघड नकार हा पुष्कळदा मित्र असतो आणि खरी काळजी निमूट होकाराची करावी लागते, हे या प्रसंगाने जेवढे ठसवले तेवढे कोणत्याही मार्गदर्शिकेने ठसवले नव्हते.

हे वळण दिसले ते प्रोसेस मॉनिटर या साधनामुळे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांच्या सिसइंटर्नल्स संचातील हे साधन २००६ सालापासून उपलब्ध असून एखादा प्रोग्राम कोणकोणत्या फाइली व रजिस्ट्रीतील नोंदी मागतो, कोणत्या हेतूने मागतो आणि त्याला काय उत्तर मिळते, याची ओळ न् ओळ ते दाखवते. काही मिनिटांच्या कामात ओळींची संख्या लाखांत जाते, म्हणून नवखा परीक्षक सर्व ओळींतून फक्त ‘ॲक्सेस डिनाइड’ असे उत्तर मिळालेल्या ओळी गाळून काढतो आणि त्या प्रत्येक ओळीला अडचण समजतो. अनुभव वेगळे सांगतो. कित्येक प्रोग्राम फाइल नुसती वाचायची असतानाही पूर्ण अधिकारांनी मागतात, नकार मिळाला की वाचण्यापुरती मागतात आणि सुखाने पुढे जातात; असे नकार निरुपद्रवी असतात आणि त्यांच्यासाठी परवानगी देणे हे भोक नसलेल्या भांड्याला डाग लावण्यासारखे असते. याउलट पिग्मीच्या प्रोग्रामबाबत महत्त्वाची ओळ नकाराची नव्हतीच, ती मार्ग दुसरीकडे वळवल्याची होती. म्हणून नकार मोजायचे नसतात, वाचायचे असतात: कोणत्या क्षणी, कोणत्या बटनानंतर, आणि त्यापुढची ओळ कोणती.

उपाय सुचवणे सोपे गेले, पण सुचवलेला प्रत्येक उपाय तपासताना नवे काहीतरी हाती लागले. प्रथम केवळ त्या एका माहितीच्या फाइलवर लिपिकांच्या गटाला लिहिण्याची परवानगी देण्यात आली, जेणेकरून लिखाण मूळ जागीच होईल आणि वळण लागणार नाही. पण प्रोग्राम जतन करताना जुनी फाइल बदलत नसे. तो नवी तात्पुरती फाइल तयार करी, जुनी पुसून टाकी आणि नवीला जुनीचे नाव देई, आणि नवी फाइल फोल्डरच्या परवानग्या घेऊन जन्मत असल्यामुळे वेगळी दिलेली परवानगी पहिल्याच जतनात नाहीशी होण्यासारखी होती. संपूर्ण फोल्डरवर परवानगी देण्यात दुसरा धोका होता, कारण त्याच फोल्डरमध्ये मुख्य प्रोग्रामची फाइलही होती, आणि जी फाइल कोणीही बदलू शकतो ती विश्वासाची राहत नाही. शेवटी प्रोग्राम बनवणाऱ्याने माहितीची जागा बदलून ती प्रोग्रामडेटा या सामाईक फोल्डरमध्ये नेली, आणि तिथेही पहिल्या लिपिकाचे काम सुरळीत होऊन दुसऱ्या लिपिकाला नकार आला, कारण त्या फोल्डरमध्ये कोणालाही नवी फाइल करता येत असली तरी एकाने केलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही, असे मूळ परवानग्यांचेच स्वरूप आहे. माहितीच्या उपफोल्डरवर गटाला स्पष्ट परवानगी दिल्यावर प्रश्न मिटला. या चारही टप्प्यांत एकाच लिपिकाच्या लॉगिनने केलेली चाचणी उत्तीर्ण झाली असती, ही बाब आवर्जून नोंदवावीशी वाटते.

काही विक्रेते आपला प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये न बसवता थेट सी ड्राइव्हच्या मुळाशी स्वतंत्र फोल्डर करून त्यात बसवतात, आणि त्यांचे प्रोग्राम अधिकार काढल्यावरही बिनतक्रार चालतात. कारण विंडोजच्या मूळ मांडणीत सी ड्राइव्हच्या मुळाशी सामान्य वापरकर्त्याला नवी फाइल करता येत नसली तरी तिथे केलेल्या नव्या फोल्डरच्या आत लॉगिन केलेल्या प्रत्येकाला बदल करण्याची परवानगी वारशाने मिळते. जे सोयीचे ते इथे घातक ठरते. एखाद्या कार्यालयाने अशा फोल्डरमधील प्रोग्राम चालू द्यावेत, किंवा त्याहून वाईट म्हणजे वरच्या अधिकारांनी चालू द्यावेत, असा मार्गावर आधारलेला नियम लिहिला, तर तो नियम त्या प्रोग्रामला दिलेला राहत नाही, त्या जागेला दिला जातो, आणि त्या जागी कोणीही काहीही आणून ठेवू शकतो. चाचणीत हे सिद्ध करायला एक मिनिट लागले: रोखपालाच्या लॉगिनमधून नोटपॅडची प्रत त्या फोल्डरमध्ये मूळ प्रोग्रामच्या नावाने ठेवली आणि ती वरच्या अधिकारांनी उघडली.

यातून नियमाने प्रोग्रामला ओळखायचे कसे हा प्रश्न पुढे येतो. ॲपलॉकरमध्ये ओळखीच्या तीन पद्धती आहेत: प्रोग्रामवरील डिजिटल स्वाक्षरीवरून त्याचा प्रकाशक ओळखणे, फाइलच्या हॅशवरून म्हणजे तिच्या आशयातून गणिताने काढलेल्या ठशावरून ओळखणे, आणि फाइलच्या जागेवरून ओळखणे. स्वाक्षरीची पद्धत सर्वांत चांगली, कारण नवी आवृत्ती आली तरी स्वाक्षरी करणारा तोच राहतो. परंतु लहान विक्रेत्यांचे प्रोग्राम बहुधा स्वाक्षरीविना येतात. हॅश निर्दोष असतो, पण फाइलमधील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो, आणि नवी आवृत्ती येताच कालपर्यंत चालणारा प्रोग्राम आज अडतो. अशा पेचात कार्यालये जागेच्या नियमाकडे वळतात, आणि तो सुरक्षित करण्यासाठी त्या जागेच्या परवानग्या आधी तपासाव्या लागतात. खुद्द विंडोजच्या फोल्डरमध्येही सामान्य वापरकर्त्याला लिहिता येईल अशा काही जागा आहेत, उदाहरणार्थ तिथला टेंप फोल्डर, त्यामुळे ‘विंडोज फोल्डरमधील सर्व काही चालू द्यावे’ या ॲपलॉकरच्या मूळ नियमालाही अपवाद जोडावे लागतात. विक्रेत्याकडे स्वाक्षरीचा आग्रह धरणे हे खरेदी विभागाचे काम मानले जाते. ते चाचणी करणाऱ्याने आपले मानले तर पुढची अनेक वर्षे सोपी जातात.

वरचे अधिकार देणाऱ्या नियमांची चाचणी करताना प्रोग्राम चालला की काम संपले असे वाटते, वस्तुतः तिथून अर्धे काम सुरू होते. विवरणपत्रे तयार करणारा एक प्रोग्राम नियमाने वरच्या अधिकारांनी चालवण्यात आला होता. त्यात ‘फाइल उघडा’ अशी नेहमीची खिडकी होती. त्या खिडकीतून विंडोजच्या फोल्डरपर्यंत जाऊन कमांड प्रॉम्प्टवर उजवे क्लिक करून उघडण्याचा पर्याय निवडला की तो उघडत असे, आणि तो मूळ प्रोग्रामचे अपत्य, म्हणजे त्यानेच सुरू केलेला प्रोग्राम, असल्यामुळे त्याच वरच्या टोकनवर चालत असे. म्हणजे एका विवरणपत्रासाठी दिलेले अधिकार रोखपालाला संपूर्ण संगणकाचा स्वामी करत होते. अधिकार अपत्यांकडे जाऊ न देण्याची सोय असे नियम राबवणाऱ्या साधनांमध्ये असते आणि ती लावण्यात आली. पण नंतरच्या चाचणीत लक्षात आले की ती खिडकी स्वतः त्याच प्रोग्रामचा भाग असल्यामुळे तिच्यातच फाइलीचे नाव बदलता येते, फाइल पुसताही येते, आणि त्यासाठी कोणत्याही अपत्याची गरज नसते. याखेरीज अपत्यांना अधिकार बंद केल्यावर विवरणपत्र छापणारा सहायक प्रोग्राम अडू लागला, तो निराळाच. या प्रोग्रामला वरचे अधिकार का लागत होते याचा शोध पुन्हा घेतला तेव्हा कारण रजिस्ट्रीतील एका नोंदीपुरते निघाले. त्या नोंदीवर गटाला परवानगी देऊन वरच्या अधिकारांचा नियमच रद्द करण्यात आला. वरचे अधिकार देण्याचा नियम हा शेवटचा उपाय आहे, आणि तो लिहिण्यापूर्वी किमान दोन वेळा मूळ कारणाकडे परतावे, असे या अनुभवानंतर ठामपणे म्हणता येते.

एकट्या संगणकावर खरा ठरलेला नियम जाळ्यातील संगणकांवर तसाच वागेल याची शाश्वती नसते. डोमेनमध्ये, म्हणजे मध्यवर्ती नियंत्रणाखालील संगणकांच्या जाळ्यात, नियम ग्रुप पॉलिसी या मध्यवर्ती मांडणीतून जातात, आणि संगणक आपली पॉलिसी साधारण ९० मिनिटांनी, त्यात ३० मिनिटांपर्यंतची यादृच्छिक भर घालून, ताजी करतो. त्यामुळे नियम बदलून लगेच केलेल्या चाचणीत पुष्कळदा जुनाच नियम तपासला जातो. पॉलिसी लगेच ताजी करण्याची आज्ञा देऊनही फसगत होऊ शकते, कारण गटाचे सभासदत्व टोकनमध्ये लॉगिनच्या क्षणी लिहिले जाते आणि लिपिकाला सकाळी नव्या गटात घातले तरी त्याने लॉग-ऑफ करून पुन्हा लॉगिन करेपर्यंत टोकन जुनेच राहते. दूरच्या शाखांच्या जोडणीचा वेग सेकंदाला ५०० किलोबिटांच्या खाली गेला तर विंडोज ती जोडणी संथ मानते आणि सॉफ्टवेअर बसवणे व स्क्रिप्ट चालवणे यांसारखे भाग वगळते, पण सुरक्षेच्या मांडणीचा भाग मात्र लागू करते. म्हणजे अडवणारा नियम शाखेत पोचतो आणि त्याच्याबरोबर यायचा दुरुस्त प्रोग्राम मागे राहतो. जाळ्यातील केबल काढूनही चाचणी केली गेली, कारण शाखेतील लाइन जाणे ही नित्याची बाब आहे. अशा वेळी आधी साठवलेल्या ओळखीवर लॉगिन होते आणि शेवटी पोचलेली पॉलिसीच लागू राहते.

जाळ्यातील आणखी एक गोष्ट अशी की शाखेच्या सर्व्हरवरील सामाईक जागा लिपिकाच्या संगणकावर झेड ड्राइव्ह म्हणून दिसते, पण संगणक विभागातील माणसाने आपला पासवर्ड टाकून एखादा प्रोग्राम वरच्या अधिकारांनी सुरू करून दिला की त्या प्रोग्रामला झेड ड्राइव्ह दिसत नाही. ड्राइव्हची जोडणी लॉगिनच्या सत्राशी बांधलेली असते आणि वरच्या अधिकारांचा प्रोग्राम वेगळ्या सत्रात जन्मतो. ‘फाइल सापडत नाही’ या संदेशाचा उलगडा होईपर्यंत सर्व्हरच्या परवानग्यांवर संशय घेतला जात होता. याहून मोठा धडा विंडोजच्या आवृत्तीप्रकाराने दिला. चाचणीचा संगणक एंटरप्राइझ प्रकारचा होता आणि शाखांमधील बहुतेक संगणक विंडोज ७ प्रोफेशनलचे होते, ज्यावर ॲपलॉकरचे नियम लिहिता येतात पण अंमलात येत नाहीत. चाचणीत चोख अडवणारा नियम शाखेत काहीच करत नव्हता, आणि याबद्दल तक्रार कोणाची असणार? अडवला न गेलेला माणूस कळवायला येत नाही. त्यानंतर प्रत्येक शाखेत प्रत्यक्ष जाऊन, जे अडायला हवे ते अडते का, हे पाहण्याची चाचणी सक्तीची झाली.

नियम अंमलात आणण्यापूर्वी ॲपलॉकर काही काळ नुसत्या नोंदीच्या पद्धतीवर ठेवता येते. या पद्धतीत काहीही अडवले जात नाही, पण नियम लागू असता तर जे अडले असते त्याची नोंद इव्हेंट लॉगमध्ये ८००३ या क्रमांकाने होते, आणि प्रत्यक्ष अडवल्याची नोंद पुढे ८००४ या क्रमांकाने होऊ लागते. हा काळ किती असावा यावर मतभेद होते. दोन आठवडे पुरेत असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते, आणि दैनंदिन कामापुरते ते खरेही होते, कारण दहा-बारा दिवसांनंतर नव्या नोंदी जवळपास थांबल्या होत्या. पण बँकेचे काम दिवसांच्या मापाने संपत नाही. महिनाअखेर, तिमाहीचे व्याज जमा करणे आणि सर्वांत वर मार्चअखेर, या प्रत्येक वेळी एरवी वर्षभर न उघडलेले प्रोग्राम उघडतात. एका ज्येष्ठ महिला लिपिकेने बोलता बोलता सांगितले, “साहेब, ३१ मार्चला रात्री आम्ही एक वेगळी फाइल चालवतो, ती हेड ऑफिसमधून मेलवर येते.” ही माहिती कोणत्याही तक्त्यात नव्हती. तिच्या या एका वाक्यामुळे नोंदीचा काळ मार्चअखेरपर्यंत लांबवला गेला, आणि त्या रात्री आलेली फाइल अपेक्षेप्रमाणे स्वाक्षरीविना, दरवर्षी नव्या ठशाची अशीच होती. तिचे नाव ‘अपडेट’ या शब्दाने सुरू होत असल्यामुळे विंडोज तिला नावावरूनच बसवणी-प्रोग्राम समजून ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्डही मागत होते. शाखेत रात्री नऊ वाजता तो पासवर्ड कोणाकडे असणार होता, याचा विचार त्या लिपिकेच्या बोलण्याआधी कोणी केला नव्हता.

अधिकार-नियमांच्या चाचणीला शेवटची तारीख नसते हेही कालांतराने कळले. ऑगस्ट २०२१ मध्ये छपाई सेवेतील गंभीर त्रुटींनंतर मायक्रोसॉफ्टने प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार सक्तीचे केले, आणि तोवर सर्व्हरवरील सामाईक प्रिंटर विनासायास जोडणाऱ्या सामान्य वापरकर्त्यांपुढे पासवर्डची खिडकी उभी राहू लागली. बँकेचा एकही नियम बदललेला नव्हता, तरी नियमांचा परिणाम बदलला होता. त्याच्या उलट दिशेचे उदाहरण मराठी फाँटचे आहे: विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून सामान्य वापरकर्त्याला स्वतःपुरता फाँट बसवता येऊ लागला, ही सोयच झाली, परंतु एका लिपिकाने बसवलेला फाँट त्याच संगणकावरील दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये नसतो, आणि थकबाकीची मराठी नोटीस एकाला नीट दिसून दुसऱ्याला अगम्य चिन्हांत दिसते. प्रकार पिग्मीच्या फाइलीसारखाच असल्यामुळे या वेळी तो ओळखायला वेळ लागला नाही.

बँकेकडे आता प्रत्येक नियमाची एक नोंद ठेवली जाते: तो कोणत्या प्रोग्रामसाठी आहे, कोणाच्या कोणत्या कामासाठी मागितला गेला, कोणत्या लॉगिनमधून होकाराची आणि कोणत्या लॉगिनमधून नकाराची चाचणी झाली, आणि काय घडले असता तो काढून टाकता येईल. शेवटचा रकाना भरणे सर्वांत जड जाते, तरी तो कोरा सोडायचा नाही असे ठरलेले आहे. मार्चअखेरच्या फाइलीपुढे तिथे ‘हेड ऑफिसकडून स्वाक्षरी झालेली फाइल मिळाल्यावर’ असे लिहिले आहे, आणि दर फेब्रुवारीत रोखपालाच्या चाचणी-लॉगिनमधून ती फाइल पुन्हा एकदा चालवून पाहिली जाते.